एका गोठ्याला एकच प्रश्न

डॉ. लॉर्ना झ्विकींच्या गाडीत बसायचं तर दोन नियम होते. गोठ्यात तोंड उघडायचं नाही. आणि गोठ्यातून निघून गाडी डांबरी रस्त्याला लागली की एक प्रश्न विचारायचा. एकच, आणि तोही असा की ज्याचं उत्तर पुस्तक उघडून मिळणार नाही.

पहिल्या दिवशी थियाला वाटलं होतं, यात काय मोठंसं अवघड! तिनं आदल्या संध्याकाळी बसून चांगले घसघशीत प्रश्न तयार केले होते. जनावरांना सर्रास दिली जाणारी प्रतिजैविकं आणि माणसांचं आरोग्य, दुधाचे पडते भाव आणि छोट्या गोठ्यांचं भवितव्य, असले. त्यातला एक तिनं डांबरी रस्ता लागल्या लागल्या टाकला. डॉक्टरांनी गिअर बदलला. दोन्ही बाजूंना मक्याची हिरवी भिंत मागे पळत होती.

मग त्या म्हणाल्या, "हा तुझा प्रश्न नाही. तुझ्या अर्जाचा आहे."

बस. 

थियाला ते लागलं, कारण ते खरं होतं. पशुवैद्यक व्हायचं म्हणून ती कॉलेजात शिकत होती आणि शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत, सप्टेंबरात, पशुवैद्यकीय महाविद्यालयांना अर्ज जायचे होते. गुणपत्रक झकास होतं. मिलवॉकीत कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात तिनं सुट्ट्या काढल्या होत्या, भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात पिंजरे धुतले होते, प्रयोगशाळेत उंदरांच्या शेपट्या धरल्या होत्या. वसंतात ती आपल्या कागदांची चळत घेऊन कॉलेजातल्या सल्लागार प्रेंटिसबाईंसमोर बसली, तेव्हा बाईंनी सगळं वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"छान आहे गं तुझा अर्ज. तोच तर घोटाळा आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा असाच छान असतो. गाय पाहिलीयस का कधी?"

"पाहिलीय की."

"मोटारीच्या काचेतून?"

थियानं कागदांची चळत पुन्हा नीट लावली.

"लॉर्ना झ्विकीकडे जा उन्हाळ्यात," बाई म्हणाल्या. "डोंगराळ भागात हिंडते ती, गोठेच गोठे. शिफारसपत्र सहसा लिहीत नाही. पण तिनं लिहिलं तर निवड करणारे ते दोनदा वाचतात."

म्हणून ती इथं आली होती. चीजच्या कारखान्यामागे एक खोली घेऊन राहत होती, पहाटे उठून डॉक्टरांच्या पिकअप ट्रकमध्ये चढत होती आणि उन्हाळाभर रोज, दर गोठ्यामागे, आपला स्वतःचा असा एक प्रश्न शोधत होती. सुरुवातीला सापडेना. आपल्याला खरोखर काय जाणून घ्यायचंय, हे आपल्याला ठाऊकच नसतं, याचं तिला मोठं नवल वाटलं. आजवर ती सगळं जाणून घेत आली होती ते परीक्षेसाठी, नाहीतर कुणालातरी दाखवायला. मग हळूहळू, लहान मूल बोट दाखवायला शिकतं तसं तिचं बोट आपोआप वळायला लागलं. त्या अमुक गोठ्यात सगळ्या गाई एकाच कुशीवर का बसतात? आपण आलो की तो म्हातारा रेडिओ का बंद करतो?

"मी नाचायला लावीन म्हणून घाबरतो," डॉक्टर म्हणाल्या होत्या. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

पण पत्राबद्दल मात्र चकार शब्द नाही. ऑगस्ट सरत आला. शेवटी त्या दिवशी सकाळी ट्रकमध्ये चढताना थियानंच धीर केला. "डॉक्टर, ते पत्राचं..."

"संध्याकाळी सांगते," डॉक्टर म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

म्हणजे जे काही व्हायचं ते आज. 

पहिल्या गोठ्यावर कालवडींना चुंबकं द्यायची होती. बोटाएवढी जाड, गुळगुळीत. लांब नळीच्या टोकाला एकेक बसवून ती कालवडीच्या घशाखाली सोडायची. डॉक्टरांनी थियाला नळी भरून द्यायचं काम दिलं, म्हणून तिनं मूठभर चुंबकं आपल्या डंगरीच्या छातीवरच्या खिशात टाकून घेतली. ती तिथं एकमेकांना बिलगून बसली होती, ओढून सोडवावी लागत.

गाय चावून खात नाही, आधी गिळते, हे थियाला पुस्तकातून माहीत होतं. वैरणीबरोबर खिळा गेला, तारेचा तुकडा गेला, तर तो तिच्या दुसऱ्या पोटात, जाळीदार पोटात, जाऊन पडतो. आणि त्या पोटाच्या पुढ्यातच काळीज असतं. पोट आवळलं की खिळा पुढे सरकतो. चुंबक आधीच तिथं असेल तर ते त्याला कवटाळून धरतं, द्वाड पोराला आईनं मांडीवर दाबून बसवावं तसं. आणि मग ते त्या पोटातच राहतं, जन्मभर. हेही पुस्तकात होतं. पण या टेकड्यांवर चरणाऱ्या, माशा हाकलणाऱ्या, शांतपणे रवंथ करणाऱ्या इतक्या साऱ्या गाई पोटात एकेक चुंबक घेऊन हिंडताहेत, हे डोळ्यांनी बघताना तिला काही वेगळंच वाटलं.

डांबरी रस्ता लागल्यावर तिनं विचारलं, "गाय कापायला गेली की तिच्या चुंबकाचं काय होतं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे वळून बघितलं. "खाटीक धुऊन ठेवतो. इथल्या निम्म्या घरांत फ्रिजवर पोरांची चित्रं कशानं लावलेली असतात, वाटलं तुला?"

दुसरा गोठा मर्ल स्टॉफाकरचा. मर्ल आणि डॉक्टर एकाच शाळेत शिकलेले, त्यामुळे त्यांचं बोलणं म्हणजे जुन्या दोरीची ओढाताण.

"आलीस का गं लॉर्ना? मला वाटलं, गाय मेल्यावर येशील."

"तुझ्याकडे यायचं म्हटलं की माझा ट्रकच हळू होतो. कुठाय ती?"

ट्रुडी. तपकिरी-करड्या रंगाची, कानांच्या आत मऊ पांढरी लव, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी. नुकतीच व्यालेली. दोन दिवसांपासून वैरणीला तोंड लावत नव्हती, दूध निम्म्यावर आलं होतं. पाठ किंचित कमानीसारखी वर उचलून ती उभी होती, आपल्या जागी अगदी जपून, जसं उतू जाणारं भांडं हातात असावं.

डॉक्टरांनी ताप बघितला. होता, थोडासा. पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मानेमागची कातडी मुठीत धरून पाठ खाली दाबली. पोटात खिळा टोचत असेल तर गाय यात कण्हते.

"कण्हली का?" त्यांनी विचारलं.

"कण्हली असेल," मर्ल म्हणाला. "ती रोजच कण्हते. माझ्यासारखी."

"चुंबक दिलंयस हिला?"

"आता मला काय ठाऊक? लिलावात घेतली. आधीच्यानं दिलं असेल तर असेल."

तेव्हा डॉक्टरांनी खिशातून होकायंत्र काढलं. साधंच, शाळेतल्या मुलांच्या दप्तरात असतं तसं. थिया ते पहिल्यांदाच बघत होती. डॉक्टर गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी ते ट्रुडीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपराजवळ न्यायला सुरुवात केली. गाईच्या पोटात काय आहे ते एक सुई बाहेरून सांगणार! थियाला राहवेना. ती डॉक्टरांच्या खांद्यावरून, त्यांच्या केसांना हनुवटी लागेल इतकी, वाकली. सुई थरथरली आणि गर्रकन वळली.

"आहे चुंबक," डॉक्टर उठत म्हणाल्या. "मग खिळ्याचं दुखणं नसावं. तोंडाला गोडसर वास येतोय, व्याल्यानंतरचा अशक्तपणा आहे. साखर चढवते. परवा फोन कर."

सलाईन चढेपर्यंत थिया गोठ्याच्या दारात उभी राहिली. समोर मुरघासाचा, म्हणजे मुरवून ठेवलेल्या हिरव्या वैरणीचा, लांबलचक ढीग होता, मागच्या वर्षीचा, तळाला आलेला. वर प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिक उडू नये म्हणून जुने टायर. काही टायर इतके झिजले होते की रबरातून बारीक तारा बाहेर आल्या होत्या, म्हाताऱ्या बोक्याच्या मिशांसारख्या. थियानं जवळ जाऊन एक तार बोटानं वाकवली. कट्. हातात आली.

निघताना मर्लनं ताज्या चीजच्या फोडींची पिशवी तिच्या हातात कोंबली. "घे. तुझी मालकीण तुला बोलू देत नाही, निदान खाऊ तरी देऊ दे."

ट्रकमध्ये बसून थियानं सीटचा पट्टा ओढला. पट्ट्याचं लोखंडी टोक छातीवरून नेताना हातातून निसटलं आणि डंगरीच्या खिशाला जाऊन चिकटलं.

टक्.

तिनं ते ओढून सोडवलं. सोडलं, तर पुन्हा टक्.

खिशात हात घालायची गरजच नव्हती. तरी तिनं घातला. एक चुंबक उरलं होतं.

ट्रक कच्च्या वाटेवरून खडखडत निघाला. थियाचे कान गरम झाले. सुई वळली ती डॉक्टरांचा हात गाईपाशी टेकायच्या आधीच. आपण वाकलो तेव्हा. आणि वळली कुठं? ट्रुडीकडे नाही. मागे. आपल्याकडे.

वळण आलं. पुढे, मर्लच्या पत्रपेटीपाशी, डांबरी रस्ता दिसत होता.

ती मनातल्या मनात हिशेब मांडायला लागली, माणूस मांडतो तसा. ट्रुडीच्या पोटात चुंबक असेलही. आधीच्या मालकानं दिलं असेल, सगळेच देतात. साखर चढवली आहे, बरी होईल. परवा मर्ल फोन करणारच आहे. आणि आज संध्याकाळी डॉक्टर पत्राचं सांगणार आहेत, आजच. अख्खा उन्हाळा ती शेणात उभी होती ती या एका संध्याकाळसाठी. एक चांगला प्रश्नही तयार होता: मर्लला लॉर्ना म्हणू देणाऱ्या डॉक्टर बाकी कुणालाच का म्हणू देत नाहीत? डॉक्टर हसल्या असत्या. खूश झाल्या असत्या.

पण तिच्या डोळ्यांसमोरून ती जपून उभी राहिलेली गाय हलेना. आणि हातातली ती तार. आणि खरं सांगायचं तर भीतीच्याही खालून आणखी एक काहीतरी वर येत होतं, उन्हाळाभर येत होतं तेच. सुई माझ्याकडे वळली हे तर झालं. पण मी नसते, तर ती कुठं गेली असती? ट्रुडीच्या पोटात काय आहे? हे तिला माहीत नव्हतं. या क्षणी जगात कुणालाच माहीत नव्हतं.

चाकांखालचा खडखडाट थांबला. डांबरी रस्ता.

"बोल," डॉक्टर म्हणाल्या.

"सुई कुणाच्या चुंबकानं वळली, ते कसं ओळखायचं?"

"कुणाच्या म्हणजे? तिथं एकच गाय होती."

थियानं चुंबक काढून तळहातावर धरलं. "हे खिशात राहिलं होतं. मी तुमच्या खांद्यावरून वाकले होते. आणि डॉक्टर, त्यांच्या मुरघासावरच्या टायरांतून तारा निघाल्यात. हातानं तुटतात."

डॉक्टरांनी ट्रक कडेला घेतला. थियाला वाटलं, आता म्हणतील, उतर. मक्यातून एक वाऱ्याची झुळूक सळसळत गेली आणि शांत झाली.

"लांब उभी राहा असं मी सांगितलं होतं का तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हं. सांगायला हवं होतं. खिसे झाड म्हणूनही सांगायला हवं होतं." त्यांनी ट्रक वळवला. "आणि टायर माझ्याही डोळ्यांसमोर होते."

त्यांना परत येताना बघून मर्ल गोठ्याच्या दारातून ओरडला, "काय गं, चीज कमी पडलं?"

डॉक्टर थियाकडे वळल्या. "आज गोठ्यात बोलायची मुभा आहे. तूच सांग."

थियानं सांगितलं. मर्लनं टोपी मागे सारली.

"म्हणजे आम्ही ट्रुडीला सोडून तुलाच तपासलं. निदान तुझ्या पोटात खिळा नाही, हे तर कळलं."

यावेळी थियानं चुंबक ट्रकच्या मागच्या पेटीत ठेवलं आणि ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली. तिथून सुई दिसत नव्हती. दिसत होती फक्त डॉक्टरांची वाकलेली पाठ. सुई कुठं वळते ते बघावं म्हणून सगळा जीव डोळ्यांत आलेला, आणि बघायला मिळत होती एक पाठ. गालावर माशी बसली तरी तिनं हात हलवला नाही.

डॉक्टरांनी हात गाईच्या कोपरापाशी नेला. मागे घेतला. पुन्हा नेला. मग मान हलवली. नाही.

"सुई उत्तर दिशाच दाखवतेय, हिच्या पोटात चुंबक नाही," त्या म्हणाल्या. "आण ते इकडे."

तेच चुंबक. थियाच्या खिशातलं. तिनं ते नळीत बसवलं, मर्लनं ट्रुडीचं तोंड धरलं, आणि ट्रुडीनं डोळे मिटून, नाइलाजानं, औषध घेणाऱ्या पोरासारखं ते गिळलं. डॉक्टरांनी प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं. पुढचे पाय उंचावर राहतील अशी फळी मर्लला तिच्या जागी टाकायला लावली, म्हणजे पोटातलं लोखंड मागे, काळजापासून दूर, राहील.

"आणि ते टायर काढ," त्या जाता जाता म्हणाल्या.

"बापानं टाकलेत माझ्या."

"त्यानं टाकले तेव्हा ते नवे होते, मर्ल."

परतीच्या वाटेवर थियानं प्रश्न विचारला नाही. तिचा एक होऊन गेला होता. चीजच्या फोडी दोघींच्या मध्ये पडल्या होत्या. डॉक्टर एकेक उचलून खात होत्या आणि दाताखाली ती कुरकुर वाजत होती.

"पत्राचं म्हणत होतीस," त्या म्हणाल्या.

"राहू दे, डॉक्टर."

"ऐक तर. त्यात एक रकाना असतो. अर्जदाराकडून चूक झाली तर तो काय करतो, असा. मी आजवर तो कोराच सोडत आले. माझ्या शेजारी बसणारी पोरं देवळात बसल्यासारखी बसतात. चूक करतातच कुठं? निदान मला दिसेल अशी." त्यांनी आणखी एक फोड तोंडात टाकली. "आता माझ्याकडे लिहायला काहीतरी आहे. पण तू म्हणालीस तरच लिहीन. अनोळखी माणसं वाचतील, की या मुलीनं होकायंत्राला फसवलं आणि मलाही."

थियाला प्रेंटिसबाईंचा चष्मा आठवला, ती छान-छान चळत आठवली.

"लिहा," ती म्हणाली. "टायरांचंही लिहा."

"टायरांचं लिहीनच. त्यात माझी चूक आहे."

पुढच्या आठवड्यात त्या दोघी पुन्हा मर्लकडे गेल्या. मुरघासावर टायर नव्हते, वाळूच्या पिशव्या होत्या. ट्रुडीची पाठ सरळ झाली होती. ती गव्हाणीत तोंड खुपसून खात होती आणि कुणी आलंय गेलंय याची तिला पर्वा नव्हती. थियानं फाटकापाशीच खिसे उलटे केले. त्यांतून भुसा आणि एक केसांची पिन निघाली, ती तिनं खांबावर ठेवली.

"बघ गं लॉर्ना, झडती देऊन येतेय," मर्ल म्हणाला.

"ये," डॉक्टरांनी हाक मारली. "हे घे. तूच धर."

होकायंत्र हलकं होतं. थिया गुडघ्यावर बसली. ट्रुडीच्या उबदार कुशीचा वास आला, दुधाचा आणि गवताचा. तिनं ते कोपरापाशी नेलं, अगदी हळू, श्वास रोखून. सुई थरथरली, उत्तर सोडून वळली आणि ट्रुडीकडे तोंड करून थांबली. थियानं आपला दुसरा हात लांब केला, जवळ आणला, मान मागे नेली, पुढे आणली. सुई हलली नाही. तरी तिनं पुन्हा एकदा करून बघितलं.

ट्रक डांबरी रस्त्याला लागला तेव्हा डॉक्टरांना 'बोल' म्हणावं लागलं नाही, थियाचा प्रश्न ओठांवरच होता.

"आत त्या चुंबकाला काही सापडलं असेल का? तार? की तिला दुसरंच काही झालं होतं आणि ती आपोआपच बरी झाली?"

डॉक्टरांनी खिडकीची काच खाली केली. 

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मीही तोच विचार करतेय. ट्रुडी म्हातारी होऊन जाईल, तेव्हा खाटकाकडून कळेल. तोवर तू डॉक्टर झालेली असशील. येऊन बघ, आणि मला सांग."